गोल अक्षरांची हौस

मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं लिहिलेली आहेत का? आमच्या सासूबाईंच्या फळीवर अकरा डबे ओळीनं उभे असतात आणि एकावरही अक्षर नाही. विचारलं तर म्हणतात, "अगं, डबा उचलला की हाताला कळतं, तूरडाळ की मूगडाळ ते." मी पडले शाळेत शिकवणारी! वहीला, डब्याला, कपाटाला चिठ्ठी लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यातून अक्षरांची भारी हौस. त्या हौसेचीच ही गोष्ट. तिच्यात तुमच्या उपयोगाची थोडी माहिती आहे आणि माझी एक चूक आहे. चूक शेवटी सांगेन म्हणते. आधी सांगितली तर माहिती वाचायचं बाजूलाच राहील.

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. दुसरीच्या वर्गाला मराठी, आणि शिवाय हस्तकला. बी.ए. झाले ते मराठी घेऊन, पण शाळेत माझी ओळख आहे ती 'फळ्यावर छान लिहिणाऱ्या बाई' म्हणून. सुविचार, स्वागत, स्नेहसंमेलन, सगळे फलक माझ्याच गळ्यात. तक्रार नाही हं माझी. उलट खडू हातात आला की डोक्यातली वाण्याची यादी आणि गॅसचा नंबर दोन्ही विसरायला होतं.

ही आवड आली वडिलांकडून. त्यांना नाटकांचं वेड. आमच्या गावी नाटकं यायची क्वचित, म्हणून ते वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती वाचत आणि मला मांडीवर घेऊन दाखवत, "बघ, नुसतं नाव बघून कळतं की नाही, विनोदी आहे का रडकं?" आणि खरंच कळायचं! कुठं अक्षरं पाय पसरून हसत असायची, कुठं त्यांच्या अंगावर काटे असायचे. ती अक्षरं कमल शेडगे यांच्या हातची, हे मला फार उशिरा समजलं. २०२० साली ते गेले तेव्हा वडिलांनी जुनी कात्रणांची वही काढून माझ्यापुढं ठेवली, बोलले काहीच नाहीत. अक्षराला चेहरा असतो, स्वभाव असतो, हे मी शिकले ते त्या वहीतून.

आता गोल अक्षरांकडं वळते. गेल्या संक्रांतीला आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची पत्रिका करायची होती. मी डीटीपीच्या दुकानात गेले. दरवर्षीचीच ती किरटी, तिरकी अक्षरं बघून कंटाळले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, हा बघा, 'मोदक'." मला वाटलं, चित्र दाखवतोय. तर पडद्यावर अक्षरं! आणि कशी म्हणाल, तर अगदी सारण दाबून भरल्यासारखी. गाल फुगलेले, पोट सुटलेलं, एकही टोक टोचेल असं नाही. अक्षराच्या आत जी मोकळी जागा असते, म्हणजे 'ब'च्या पोटातली किंवा 'म'च्या गाठीतली, ती इथं उरलीच नाही. तिच्या जागी नुसती बारीक पांढरी रेघ. मोदकाच्या कळीसारखी! मला तिथंच हसू फुटलं. हळदीकुंकवाला यापेक्षा गोड अक्षर कुठलं?

घरी येऊन थोडी चौकशी केली. हा टाइप, म्हणजे आजच्या भाषेत फॉन्ट, मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला. आधी अक्षरं हातानं कागदावर रेखाटली आणि मग ती संगणकावर चढवली. मला हे वाचून फार बरं वाटलं. तो गुबगुबीतपणा यंत्राचा नाही, हाताचा आहे! म्हणूनच तर आपल्या आजीनं गव्हाच्या पिठाची अक्षरं वळावीत तशी ती दिसतात. गूगलच्या फॉन्टसंग्रहात हा फुकट मिळतो आणि छापील कामाला वापरला तरी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

त्याच मंडळींचा दुसरा एक गोलमटोल टाइप आहे, त्याचं नाव 'बालू'. हा मोदकाइतका लठ्ठ नाही. जाडजूड, पण उठून चालेल असा. आणि याची गंमत ऐका. हा नुसत्या देवनागरीत नाही, आपल्या देशातल्या बऱ्याच लिप्यांमध्ये आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला तिथल्या घरातलं नातं दिलं आहे. गुजरातीत तो 'बालू भाई', बंगालीत 'बालू दा', तमिळमध्ये 'बालू थंबी', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन', गुरुमुखीत 'बालू पाजी', आणि उर्दूत 'बालू भाईजान'! आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सगळीकडं भाऊच. बहीण कुठंय?" खरं म्हणजे आहे. त्याच मंडळींनी 'मुक्ता' नावाचा एक साधा, सरळ, वाचायला सोपा टाइप केला आहे. पण मुक्ताबाईंकडं माझं तेव्हा लक्षच गेलं नाही. साध्या माणसांकडं आपलं असंच होतं.

असो. हळदीकुंकवाची पत्रिका झोकात झाली. वर मोठ्ठ्या मोदकात 'हळदीकुंकू' आणि खाली तारीख-वेळ साध्या अक्षरात. बायका पत्रिका हातात घेऊन आधी हसायच्या आणि मग वाचायच्या. एकीनं तर ती फ्रिजवर लावून ठेवली. झालं! मला वारंच लागलं.

तुमच्यापैकी कुणाला अशी अक्षरं वापरायची असतील, तर कुठं वापरावीत ते आधी सांगते, कारण या बाबतीत मी भरपूर कागद वाया घालवले आहेत. बारशाची पत्रिका, वाढदिवस, बालवाडीचा फलक, मुलांच्या वह्यांवरचं नाव, गणपतीच्या मखरावरची पाटी, या सगळ्यांना गोल अक्षर शोभून दिसतं. बचत गटाच्या दिवाळी फराळाच्या पाकिटांना तर फारच छान. 'चकली' या शब्दाला काटे हवेत असं कुणी म्हणेल, पण पाकिटावर गोल अक्षरात 'चकली' लिहिलेलं पाहून गिऱ्हाईक दोन पावलं पुढं येतं, हा आमच्या गटाचा अनुभव आहे. 'अनारसे' मात्र आमच्या पाकिटात मावलं नाही. लठ्ठ अक्षराला जागा लागते बाई. दोन इंच रुंदीच्या चिठ्ठीवर तीन-चार अक्षरं, त्याहून जास्त नाहीत. शब्द लांब असेल तर अक्षर लहान करू नका, चिठ्ठी मोठी करा. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते फार महागात पडलं आहे.

दुसरं, एका कागदावर अशी अक्षरं एकदाच. मथळ्याला घातली की बाकीचा मजकूर साधा हवा. सगळी पत्रिकाच गोल अक्षरात छापली तर ताटात पाच मोदक, भात नाही आणि वरणही नाही, असं होतं. तिसरं, दोन ओळी असतील तर मध्ये चांगली जागा सोडा. इंग्रजीचं बरं आहे, तिथं अक्षराच्या वरखाली फारसा पसारा नसतो. आपल्याकडं वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, रफार वर, रकार खाली! वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या 'की'च्या डोक्यावर पाय ठेवतो.

आणि हो, 'ल' आणि 'श' तपासून घ्या. आपल्या मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'. शासनानं २००९ साली वर्णमाला ठरवून दिली तेव्हा तसंच सांगितलं आहे. बऱ्याच टाइपांमध्ये पहिल्यांदा हिंदी वळणाचा 'ल' येतो. मोठ्या माणसांना चालेल, पण बालवाडीच्या पाटीवर नको. मुलं पाटीवरचं बघून गिरवतात.

संगणक नसला तरी काही अडत नाही. मी फलकावर ही अक्षरं हातानंच काढते. आधी पेन्सिलीनं साधं अक्षर फिकं काढायचं, पण नेहमीपेक्षा दुप्पट अंतर सोडून. मग त्या रेघेच्या भोवती, दोन्ही बाजूंनी सारखी जागा ठेवून, फुगा काढल्यासारखी कड काढायची. कोपरा आला की गोल करायचा. आत रंग भरायला ब्रशाऐवजी काडीला गुंडाळलेला कापूस घ्या, टोकं आपोआप गोल येतात. अक्षराच्या पोटातली पांढरी रेघ मात्र शेवटपर्यंत जपायची. ती बुजली की अक्षर गेलंच! आणि फलक झाला की सहा-सात पावलं मागं जाऊन डोळे किलकिले करून पाहायचं. तरीही वाचता आलं तर पास.

ही किलकिल्या डोळ्यांची परीक्षा मी फलकाला घेत होते, पण घरात कधी घेतली नाही.

खरं म्हणजे मला एकदा सावध व्हायची संधी मिळाली होती. दुसरीच्या मुलांना मी एक सरावपत्रिका दिली. म्हटलं, चित्रांखाली शब्द गोल अक्षरात द्यावेत, मुलांना आवडतील. मूळ कागद छान होता, पण पंचेचाळीस प्रती झेरॉक्स केल्या तेव्हा काळी शाई थोडी जास्त उतरली आणि पोटातल्या रेघा भरून गेल्या. निम्मा वर्ग मोठ्यानं वाचायला लागला, "वदक, वदक!" 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की उरतो 'व'. 'षटकोन' लिहिलं होतं, त्याचा 'पटकोन' झाला. मी हसले, मुलंही हसली, तास मजेत गेला. मुख्याध्यापिकाबाई तेवढ्या म्हणाल्या, "बाई, शिकणाऱ्याला अक्षराची हाडं दिसली पाहिजेत. मांस नंतर." मी 'हो हो' म्हटलं आणि विसरून गेले.

आमच्याच चौकात एकदा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक अशाच गोल अक्षरात लागला होता. तो पाहून मात्र मी ह्यांना म्हटलं होतं, "बघा, लोकांना कुठं काय वापरावं कळत नाही!" दुसऱ्याचं कुसळ लगेच दिसतं ना!

आता माझी चूक.

सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, दहा-बारा वर्षं झाली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्याचा काढायचा होता. दुपारच्या जेवणाच्या वेळी दोन गोळ्या, एक जेवणाआधी आणि एक जेवणानंतर. एरवी मी शाळेतून साडेबाराला येते आणि गोळ्या मीच हातात देते. पण डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या आणि मला यायला चार-साडेचार वाजू लागले. म्हणून मी काय केलं, एकसारख्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या, गोळ्या पाकिटातून काढून त्यांत भरल्या, आणि वर माझ्या लाडक्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. एक 'जेवणाआधी', दुसरी 'जेवणानंतर'. डबी लहान, शब्द लांब. तेव्हा मी अक्षर लहान केलं. वर चिठ्ठी पुसली जाऊ नये म्हणून रुंद चिकटपट्टी लावली. किती छान दिसत होत्या म्हणून सांगू! सासूबाईंना दाखवल्या. त्या म्हणाल्या, "सुरेख झाल्यात गं."

आठवडाभर ठीक चाललं. त्या दिवशी मी पावणेपाचला घरी आले तर त्या पलंगावर बसलेल्या. एवढ्या थंडीत कपाळावर घामाचे थेंब, पोलकं भिजलेलं, हात थरथरत होते. "आई, काय होतंय?" म्हटलं तर बोलणं जड, शब्द सापडेना. घरातल्या यंत्रावर बोटाचं रक्त तपासलं. बावन्न! माझे हातपाय गार पडले. जिभेवर गिळण्याची ताकद आहे ना ते पाहून चार चमचे साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली, ह्यांना फोन केला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा चढला होता आणि त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. म्हणाले, ही गोळी पोटात बराच वेळ काम करते, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून लक्ष ठेवायला हवं. एका वेळची गोळी दोनदा गेली असावी, असं त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "माझंच डोकं हो. म्हातारपण. घेतलेली विसरले आणि परत घेतली."

मीही तसंच समजले. समजले म्हणण्यापेक्षा, मला तसं समजायला सोयीचं होतं.

रात्री ह्यांना दवाखान्यात ठेवून मी घरी आले. मुलं झोपली होती. ओट्याच्या वरच्या फळीवर त्या दोन डब्या एकावर एक ठेवलेल्या. उघडून गोळ्या मोजल्या. 'जेवणाआधी'च्या डबीत असायला हव्यात त्यापेक्षा एक कमी. 'जेवणानंतर'च्या डबीत एक जास्त. म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी दोन वेळा डबी उघडली होती आणि दोन्ही वेळा एकच. मी दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या, चष्मा काढला आणि किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. दोन काळे सुरवंट! दोघांचं तोंड सारखं, 'जेवणा', आणि पुढं सगळा गोळा. 'आधी' कुठलं आणि 'नंतर' कुठलं, माझ्या चांगल्या डोळ्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्यावर मी डब्या घेऊन त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आई, तुम्हाला हे वाचता येत होतं?" त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौशीनं केलंस. आणि मी खूण ठेवली होती ना, आधीची खिडकीकडं, नंतरची भिंतीकडं. परवा धाकटीनं फळी पुसली, बिचारीनं दोन्ही एकावर एक रचून ठेवल्या. जेवायच्या आधी वरची घेतली, ती बरोबर निघाली. जेवल्यावर परत हाताला वरचीच आली. डोळ्यांशी नेऊन पाहिली, 'जेवणा' दिसलं, म्हटलं असेल हीच."

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांना काय सांगायचं, सुनेचं अक्षर वाचता आलं नाही म्हणून?" आणि वर हसल्या!

मैत्रिणींनो, मला रडू आलं, ते मी काही लपवत नाही. बावीस वर्षांची होते तेव्हा या घरात आले. चौदा वर्षांत मी त्यांच्यावर रुसले असेन, त्या माझ्यावर रागावल्या असतील, पण त्यांना माझ्याकडं 'हे मला दिसत नाही' एवढं म्हणायला अवघड वाटावं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी दिवसभर मुलांना विचारत असते, "मागच्या बाकावर दिसतंय ना रे?" घरात एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटी कोपऱ्यात मुसमुसत होती. तिला वाटत होतं, तिनं फळी पुसली म्हणून आजी आजारी पडली. तिला जवळ घेऊन मी डबीवरची चिठ्ठी दाखवली आणि सांगितलं की चूक या चिठ्ठीची, आणि चिठ्ठी आईनं लिहिली. तिनं ती वाचायचा प्रयत्न केला, सात वर्षांच्या स्वच्छ डोळ्यांनी, आणि म्हणाली, "आई, हे काय लिहिलंयस?"

औषधांची व्यवस्था आता बदलली आहे. डॉक्टर माझ्यावर तसे रागावलेच, आणि रागावले ते बरोबर होतं. गोळ्या पाकिटातून काढून ठेवायच्या नाहीत, नाव आणि मुदत त्या पाकिटावरच असते. तेव्हा पाकिटं तशीच ठेवतो, एक निळ्या चौकोनी डब्यात आणि एक लाल गोल डब्यात. डबे हातालाही वेगळे लागतात. चिठ्ठीवर 'जेवणा' हे काढूनच टाकलं; एकावर 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. दीड इंच उंचीची अक्षरं, पांढऱ्यावर काळी, 'मुक्ता' टाइपात, म्हणजे त्या बहीणबाईंच्या! लावण्यापूर्वी सासूबाईंना पलंगावर बसवलं, चष्म्याशिवाय, आणि मी दारात उभी राहून एक एक कागद धरला. तीन वेळा त्यांनी "दिसत नाही" म्हटलं. माझ्या कानांना ते फार बरं वाटलं. चौथ्या कागदाला म्हणाल्या, "हं, हे आधी." मगच चिकटवला.

जुन्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या निघता निघेनात. तुमचंही होत असेल तर सांगते, खोबरेल तेलाचा बोळा अर्धा तास ठेवा, चिकटा सुटतो.

त्यानंतर महिना-दीड महिना मी गोल अक्षराला हात लावला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलकसुद्धा सरळ अक्षरात काढला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अहो, शोकसभा आहे का?" तरी मन होईना. फेब्रुवारीत सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर चार दिवस त्या घरभर हिंडून सगळं वाचत सुटल्या. कॅलेंडर, साबणाचा कागद, तेलाच्या पिशवीवरची किंमत. फळीच्या कोपऱ्यातली कोळिष्टकंही त्यांना दिसली, आणि तीही मला ऐकावी लागली!

एप्रिलात बचत गटासाठी कैरीचं लोणचं घातलं. लोणचं त्यांच्या हातचं, बरण्या माझ्या. मी चिठ्ठ्यांवर साध्या अक्षरात 'लोणचं' लिहीत बसले होते. त्या मोहरीची डाळ पाखडता पाखडता डोकावल्या.

"हे काय कोर्टाच्या नोटिशीसारखं?"

"नीट वाचता यावं म्हणून, आई."

"लोणचं काय वाचून खातात का? ते तुझं गुबगुबीत अक्षर घाल. आणि मोठं घाल, बरणीला पोट आहे चांगलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मीठ किती, घातलं कधी, ते मात्र खाली साधं लिही."